बघण्यानं मोडणारा कार्बन

१९२८ सालची गोष्ट. बर्लिनमधल्या एका कॅफेत लिओ झिलार्डनं आपल्या मित्राला, डेनिस गाबोरला, विचारलं की इलेक्ट्रॉन वापरून सूक्ष्मदर्शक का बनवत नाहीस? दोघेही मूळचे हंगेरीचे, दोघांचंही डोकं तल्लख. गाबोरनं ती कल्पना तिथल्या तिथे झटकून टाकली, आणि हे पुढे त्यानं स्वतःच सांगून ठेवलं आहे. यंत्र बनेल, पण उपयोग काय? इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली जे ठेवाल त्याचा जळून कोळसा होईल!

तीन वर्षांनी, १९३१ मध्ये, त्याच बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. रुस्काला त्याबद्दल नोबेल मिळायला १९८६ साल उजाडलं. गाबोरला ते आधीच, १९७१ मध्ये, होलोग्राफीसाठी मिळालं होतं. आणि होलोग्राफी त्याला सुचली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सुधारायच्या खटपटीत. ज्या यंत्राला त्यानं कॅफेत निकालात काढलं होतं, त्यानंच त्याला अखेर नोबेलच्या वाटेला लावलं.

गाबोरची भीती खोटी ठरली, असं सांगायची पद्धत आहे. मला ती पुरती खोटी वाटत नाही. पेशी, प्रथिनं, प्लास्टिक असं काही झोताखाली ठेवलं तर ते खरोखरच बिघडतं, आणि म्हणून तर जीवशास्त्रज्ञ नमुने गोठवून, अगदी मोजक्या इलेक्ट्रॉनांत काम भागवतात. पण मुळात कोळशाच्याच कुळातला पदार्थ झोताखाली ठेवला तर? ग्रॅफाइट, हिरा, किंवा ग्रॅफाइटचा एकच थर म्हणजे ग्राफीन? कोळशाचा आणखी कोळसा काय होणार? इथे जे घडतं ते इतकं अजब आहे की ‘जळणं’ हा शब्दच सोडून द्यावा लागतो. तसंही सूक्ष्मदर्शकाच्या आत निर्वात पोकळी असते. जळायला प्राणवायूच नसतो.

आधी नेमकं कोण कोणावर आदळतं ते पाहू. ८० किलोव्होल्टच्या दाबानं पळवलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्या वेगानं येतो, सेकंदाला सुमारे दीड लाख किलोमीटर. त्याची तरंगलांबी चार पिकोमीटरच्या आसपास. ग्राफीनमधले दोन शेजारी कार्बन अणू एकमेकांपासून १४२ पिकोमीटरवर असतात, म्हणजे अणू वेगवेगळे दिसायला ही तरंगलांबी पुरून उरते. वाटेत इलेक्ट्रॉनला दोन प्रकारचे अडथळे भेटतात: अणूंचे स्वतःचे इलेक्ट्रॉन, आणि अणूच्या मध्यावर बसलेलं, अणूच्या व्यासाहून वीस-तीस हजार पट लहान असलेलं केंद्रक.

पहिल्या प्रकारची टक्कर प्लास्टिकला आणि प्रथिनांना मारक असते. बंधातला इलेक्ट्रॉन उडाला की बंध तुटतो, हायड्रोजन निसटून जातो, रेणूचा आकारच ढासळतो. ग्रॅफाइट आणि ग्राफीन मात्र या माराला दाद देत नाहीत. त्यांच्यातले काही इलेक्ट्रॉन कुठल्याही एका बंधाला बांधलेले नसतात, सगळ्या थरभर मोकळे फिरतात. एखादा उडाला तर अणूला हलायची सवड मिळण्याआधीच त्याची जागा दुसऱ्यानं घेतलेली असते. पेन्सिलीतल्या शिशातून वीज वाहते ती याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे, आणि त्यांचंच हे चिलखत.

राहिली दुसरी टक्कर, थेट केंद्रकाशी. कार्बनचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा जवळजवळ बावीस हजार पट जड असतो. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा असतो. त्याच्या बावीस हजार पट म्हणजे साठेक किलोचा धडधाकट माणूस. चेंडू कितीही जोरानं कपाळावर आपटला तरी माणूस जागचा हलत नाही, चेंडूच आल्या वाटेनं परत फिरतो. इथेही तेच होतं. ८०,००० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा घेऊन आलेला इलेक्ट्रॉन अगदी नाकासमोर आदळून उलटा फिरला, तरी कार्बनच्या पदरात जास्तीत जास्त १६ इलेक्ट्रॉन व्होल्ट टाकतो. पाच हजारांतला एक भाग. बाकी सगळं घेऊन तो निघून जातो.

पण अणूंच्या जगात १६ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे काही थोडीथोडकी रक्कम नाही. ग्राफीनच्या थरातून एक कार्बन अणू पूर्ण उखडून बाहेर फेकायला सुमारे २१-२२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. आता हिशेब बघा. ८० किलोव्होल्टला १६ मिळतात, अणू टिकतो. १०० किलोव्होल्टला २० मिळतात, अगदी काठावर. २०० किलोव्होल्टला ४४ मिळतात, आणि ३०० ला ७० च्या वर. जुन्या पिढीचे सूक्ष्मदर्शक सर्रास २०० आणि ३०० वर चालायचे. त्या दाबावर ग्राफीनचं चित्र घ्यायचं म्हणजे घेता घेता त्याला भोकं पाडायची. नेमक्या समोरासमोरच्या टकरी अर्थातच विरळा. २०० किलोव्होल्टला साधारण कोटीभर इलेक्ट्रॉन एखाद्या अणूच्या वाट्याच्या जागेतून गेले, तर त्यातला एखादाच त्याला उडवतो. पण सूक्ष्मदर्शकाचा तीव्र झोत असे कोटी-कोटी इलेक्ट्रॉन मिनिटभरात सहज ओततो.

मग दाब कमी का ठेवत नव्हते? कारण दाब कमी केला की चित्र धूसर व्हायचं. इलेक्ट्रॉनांची भिंगं चुंबकीय असतात, आणि ऑटो शेर्झरनं १९३६ मध्ये गणितानं दाखवून दिलं होतं की अशा गोल, स्थिर भिंगांचा एक दोष काही केल्या जात नाही. साठ वर्षं हा अडसर तसाच होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हाराल्ड रोझे, माक्सिमिलियान हाइडर आणि क्नुट उर्बान यांनी षट्ध्रुवी चुंबकं जोडून त्या दोषावर तोड काढली. ओंड्रेय क्रिवानेकनं दुसऱ्या वाटेनं तेच साधलं. या चौघांना २०२० चं काव्हली पारितोषिक मिळालं. त्यानंतर ८० किंवा ६० किलोव्होल्टवरही कार्बनचा एकेक अणू स्वच्छ दिसू लागला. न मोडता बघण्याची ही पहिली संधी.

आणि इथेच हिशेब चुकला. अणूला स्थिर धरून मांडलेलं गणित सांगत होतं की ११० किलोव्होल्टच्या खाली एकही अणू उडायला नको. पण ९५-१०० वर ते उडत होते. २०१२ मध्ये यानिक मायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी किती इलेक्ट्रॉन ओतल्यावर किती अणू जातात, ते काटेकोर मोजलं. उत्तर असं निघालं की अणू स्थिर नसतोच. तो थरथरत असतो, आणि धक्का बसतो त्याच क्षणी तो झोताच्याच दिशेनं चालला असेल, तर आधीची चाल धक्क्यात मिसळून काठावरची ऊर्जाही पुरेशी होते. उष्णतेनं अणू थरथरतात हे शाळेत शिकवतात. पण कार्बनचे बंध इतके ताठ आहेत की ग्राफीनच्या या थरथरीचा बराच वाटा उष्णतेचा नसतोच. ती पुंज-यांत्रिकीची अटळ थरथर असते, निरपेक्ष शून्य तापमानालाही न थांबणारी. याच गटानं मग कार्बन-१३ या जड समस्थानिकाचं ग्राफीन बनवून तेच प्रयोग केले. एका न्यूट्रॉननं जड, एवढाच काय तो फरक. पण जड अणूला ऊर्जा थोडी कमी मिळते आणि तो थरथरतोही थोडा कमी, त्यामुळे तो लक्षणीय जास्त वेळ तग धरतो. नमुना किती वेळात मोडतो यावरून अणूचं वजन ताडायचं! मला या सगळ्या विषयातला हा सर्वात देखणा प्रयोग वाटतो.

आता अणू उडाल्यानंतरचं बघू. ग्राफीन म्हणजे षटकोनांची जाळी, प्रत्येक अणूला तीन शेजारी. एक गेला की तिघांचे हात मोकळे पडतात. त्यातले दोघं एकमेकांकडे सरकून हात मिळवतात, आणि षटकोनांच्या ऐवजी एक पंचकोन आणि एक मोठा नऊ बाजूंचा कोन तयार होतो. दोन शेजारी अणू गेले तर हिशेब आणखी नीट बसतो: दोन पंचकोन, त्यांच्यामध्ये एक अष्टकोन, आणि मोकळा हात एकाचाही नाही. कधी अणू उडतच नाही, नुसता दोन अणूंमधला बंध ९० अंशांत फिरतो. मग चार षटकोनांचे दोन पंचकोन आणि दोन सप्तकोन होतात. केंब्रिजच्या अँथनी स्टोन आणि डेव्हिड वेल्स यांनी १९८६ मध्ये कागदावर वर्णन केलेला हा बदल पुढे पडद्यावर होताना आणि परत उलटतानाही दिसला.

इतर बहुतेक स्फटिकांत दोष म्हणजे खळगा किंवा घुसखोर. कार्बन मात्र दोषाभोवती स्वतःची नवी भूमिती रचतो. २०११ मध्ये यानी कोटाकोस्की आणि सहकाऱ्यांनी १०० किलोव्होल्टवर ग्राफीनवर मारा चालूच ठेवला. हळूहळू जाळीभर पंचकोन, षटकोन, सप्तकोन, अष्टकोन असे मिसळत गेले की आवर्तन कुठे उरलंच नाही. स्फटिकाची ओळख म्हणजे विवर्तनाचे टोकदार ठिपके; त्यांच्या जागी नुसती पसरट वलयं. स्फटिक म्हणून ग्राफीन संपलं होतं. पण चादर अखंड होती! एका अणूच्या जाडीची, तीन-तीन शेजारी जवळपास प्रत्येकाला, आणि तरीही काचेसारखी बेशिस्त.

भोक मोठं झालं की कडेचे अणू आधी जातात, कारण त्यांना धरून ठेवणारे हात कमी. २००९ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत भोकाच्या कडेचे अणू जागा बदलताना चित्रित झाले. त्याच वर्षी जपानात सुएनागा आणि इइजिमा यांच्या गटानं दोन भोकं शेजारी शेजारी वाढू दिली. मधली पट्टी अरुंद होत होत शेवटी एकामागे एक अणू अशी साखळी उरली. तुटायच्या आधी ती काही काळ टिकलीही.

पुढच्या वर्षी त्याहून नवल. उल्म आणि नॉटिंगहॅमच्या शास्त्रज्ञांनी ग्राफीनचा एक बारका तुकडा झोताखाली धरला. कडेचे अणू जात राहिले, कडेला पंचकोन बनत गेले. पंचकोन आला की सपाट जाळी वाकते. तुकडा वाटीसारखा झाला, वाटीच्या कडा जवळ आल्या, आणि शेवटी त्या जुळून एक बंद गोळा झाला: फुलरिन. नुसत्या षटकोनांनी गोळा कधीच बंद होत नाही. षटकोनांबरोबर नेमके बारा पंचकोन लागतात, गोळा केवढाही असो, कमी नाहीत की जास्त नाहीत. ऑयलरच्या जुन्या सूत्रातून हे निघतं. सूक्ष्मदर्शकाखाली वेड्यावाकड्या माऱ्यात अणू गमावणाऱ्या त्या तुकड्यानं हे गणित बिनचूक पाळलं. कार्बनच्या वाफेतून फुलरिन कसं बनतं यावर १९८५ मधल्या शोधापासून वाद चालू होते. त्यातली ‘चादर गुंडाळून बंद होते’ ही एक शक्यता निदान घडू शकते, हे त्या दिवशी दिसलं.

२०१२ मध्ये डेअर्सबरी आणि मँचेस्टरच्या गटाला याच्या उलट प्रकार सापडला. ग्राफीनला पडलेलं भोक आपोआप भरून आलं. आजूबाजूला चिकटलेल्या हायड्रोकार्बनच्या मळातले कार्बन अणू येऊन बसले. कधी वेडेवाकडे, आणि कधी इतके नीट की भोक कुठे होतं ते ओळखू येऊ नये.

ग्रॅफाइटमध्ये थरावर थर असतात, त्यामुळे उडालेला अणू बाहेर न पडता दोन थरांमध्ये अडकतो. असे अडकलेले अणू साचत गेले की थर वाकतात, फुगतात, कापले जातात. हे दुखणं मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा जाणवलं ते मात्र न्यूट्रॉनांच्या बाबतीत. कॅफेतला आपला झिलार्ड पुढे फेर्मीच्या जोडीनं पहिल्या अणुभट्टीच्या मागे होता; १९४२ च्या डिसेंबरात शिकागोत ती चालू झाली, आणि ती ग्रॅफाइटचे ठोकळे रचून बांधली होती. न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं ग्रॅफाइटचे अणू जागचे हलतील, हे युजीन विग्नर या तिसऱ्या हंगेरियनानं ओळखलं. जागचे हललेले अणू ऊर्जा दाबून बसतात. इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीत ती ऊर्जा ठरवून सोडवण्यासाठी ग्रॅफाइट तापवत असताना ऑक्टोबर १९५७ मध्ये आग लागली, आणि किरणोत्सर्गी द्रव्यं हवेत पसरली.

तापवण्याची युक्ती मुळात बरोबरच आहे. काही शे अंशांवर अडकलेले अणू सैल होतात, भटकतात, रिकामी जागा सापडली की तिच्यात बसतात. म्हणून गरम कार्बनवर मारा केला तर मोडणं आणि जुळणं एकाच वेळी चालू राहतं, आणि त्या दोहोंच्या रस्सीखेचीतून असलं काही घडतं की आपण थक्क व्हावं. डॅनिएल उगार्ते यानं १९९२ मध्ये लोझानला काजळीच्या वेड्यावाकड्या कणांवर तीव्र झोत सोडला तेव्हा कणांचे थर गोल वळू लागले, एकात एक गोळे. त्यांना शास्त्रज्ञ कार्बनचे कांदेच म्हणतात. १९९६ मध्ये फ्लोरियन बानहार्ट आणि पुलिकेल अजयन यांनी असा कांदा सुमारे ७०० अंशांवर ठेवून माऱ्याखाली धरला. अजयन केरळचे, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. मारा प्रत्येक पापुद्र्यातून अणू काढत होता, उष्णता उरलेले अणू पुन्हा विणत होती, त्यामुळे प्रत्येक पापुद्रा लहान लहान होत आतल्यांना आवळत गेला. ग्रॅफाइटच्या थरांत साधारण ०.३३५ नॅनोमीटर अंतर असतं. कांद्याच्या गाभ्यात ते ०.२२ पर्यंत खाली आलं. आणि मग गाभ्यात हिरा दिसू लागला.

पृथ्वीच्या पोटात हिरा घडायला शे-दीडशे किलोमीटर खोलीचा दाब लागतो. इथे ना पिंप, ना दट्ट्या, दाब देणारी भांडी म्हणजे कार्बनचेच गोळे. त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की हिरा एकदा उगवला की तो वाढतच गेला, कांदा सगळा गिळेपर्यंतही. एरवी आपल्या रोजच्या दाबाला ग्रॅफाइट हाच कार्बनचा स्थिर अवतार; हिऱ्याला तापवलं तर तो ग्रॅफाइटकडे झुकतो. माऱ्याखाली पारडं उलटं होतं, कारण ग्रॅफाइटमधला अणू उखडायला सोपा आणि हिऱ्यातला अवघड. सीमेवर ग्रॅफाइट जास्त अणू गमावतं आणि ते हिऱ्याच्या बाजूला जाऊन बसतात.

हिऱ्याचा अणू उखडायला अवघड, पण अशक्य नाही. ऊर्जा काही लाखांपासून वीसेक लाख इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेली की इलेक्ट्रॉन हिऱ्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत शिरतो आणि वाटेत रिकाम्या जागा सोडत जातो. अशी रिकामी जागा तांबडा प्रकाश शोषते, ७४१ नॅनोमीटरपासून खाली, म्हणून रंगहीन हिरा हिरवा-निळा दिसू लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम क्रुक्सनं हिरे रेडियमच्या क्षारात पुरून ते हिरवे केले होते, पण ते स्वतःच किरणोत्सर्गी होऊन बसले. इलेक्ट्रॉनांनी रंगवलेल्या हिऱ्यात तो धोका राहत नाही. नवी मुंबईत वाशीला अणुऊर्जा विभागाच्या संकुलात वीस लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा त्वरक आहे. केबलच्या आवरणाचं प्लास्टिक टिकाऊ करण्याबरोबर हिऱ्यांना रंग देण्यासाठीही तो वापरला गेला आहे. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात अशा खड्यावर ‘प्रक्रिया केलेला’ असं स्पष्ट सांगावं लागतं, आणि भाव अर्थातच नैसर्गिक रंगाच्या हिऱ्याच्या जवळपासही नसतो.

भौतिकीवाल्यांना मात्र हाच मोडका हिरा हवा असतो. मारा झाल्यावर ते हिरा सुमारे ८०० अंशांवर तापवतात. रिकाम्या जागा भटकू लागतात, आणि हिऱ्यात मुळातच असलेल्या एखाद्या नायट्रोजन अणूशेजारी येऊन थांबल्या की तिथेच राहतात. या जोडगोळीवर हिरवा लेझर सोडला की ती तांबडी चमकते, आणि ती चमक जवळपासच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे, अगदी खोलीच्या तापमानालाही, कमीजास्त होते. पवईला आयआयटी मुंबईत अशा हिऱ्यांवर बेतलेल्या सूक्ष्मदर्शकाचं काम चालतं. त्याच्यानं चिपमधून वाहणाऱ्या विजेची चुंबकीय छबी घेता येते, चिप न उघडता आणि तिच्यावर एकही इलेक्ट्रॉन न सोडता.